कमलबाईंची मूठ

चिकनगुनिया कमलबाईंच्या अंगातून दोन-तीन दिवसांत निघून गेला होता, पण जाताना सामान घेऊन गेला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर ताप आला, अंगावर पुरळ उठलं, ताप उतरला. सांधेदुखी तेवढी लांबच्या पाहुण्यासारखी राहिली. उद्या जातो, परवा जातो म्हणता म्हणता संक्रांत झाली, पाडवा झाला, आणि आता धोंड्याचा महिना लागला तरी तिची पिशवी खुंटीलाच होती.

झरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "मावशी, याला खास असं औषध नाही. दुखलं तर ही साधी गोळी घ्या. बोटं गरम पाण्यात हलवत राहा. काही महिने लागतील, पण जाईल."

हे ऐकून शेतातल्या आखाड्यावरचं सगळं घर नाराज झालं. सुई नाही, सलाईन नाही, वांगं बंद नाही, दही बंद नाही. वर 'जाईल' म्हणते. आपोआपच जायचं असेल तर एवढं शिकायचं कशाला, असं कमलबाईंच्या नवऱ्याचं, बन्सीधररावांचं मत पडलं. त्या दिवसापासून घरानं इलाज स्वतःच्या हातात घेतला.

मुलगा महारुद्र याचं झरीच्या स्टँडवर मेडिकल. दुकानात बसून बसून माणसं त्याला डॉक्टर म्हणायला लागली होती आणि त्यानं कधी कुणाची दुरुस्ती केली नव्हती. त्याचा विश्वास सलाईनवर. बाटली टांगलेली दिसली की निम्मा रोग घाबरतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. धाकटे दीर लिंबाजी यांचा विश्वास गुळवेलीच्या काढ्यावर, निर्गुंडीच्या शेकावर आणि सकाळी अनशापोटी तुपात तळलेल्या लसणावर. जावई भुजंगराव सेलूचे होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांनी साबुदाण्यापेक्षा बारीक गोळ्यांच्या तीन बाटल्या पाठवल्या आणि लसूण, कांदा, कॉफी बंद केली. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं कुपथ्य. कमलबाई सकाळी दिराचा लसूण खात, दुपारी चूळ भरत आणि संध्याकाळी जावयाच्या गोळ्या जिभेखाली धरत. मधे सलाईन. एवढ्या इलाजांच्या गर्दीत दुखण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नसावी, असं सून निकिताचं म्हणणं होतं. पण ती ते फक्त स्वयंपाकघरात म्हणे.

कमलबाईंना स्वतःला दुखण्याचं एवढं काही नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातली बाई दुखण्याला घाबरत नाही. त्यांचा जीव अडकला होता स्कूटीत.

आखाडा झरीपासून लांब. लग्न झाल्यापासून त्यांनी गावात जायचं म्हणजे कुणीतरी जायला निघण्याची वाट बघायची. "मला नेतो का रे?" आधी दिराला, मग पोराला, मग पोराच्या मित्रांना. ज्याला सवड, त्याच्या मागं बसायचं. त्याला जिथं थांबायचं तिथं आपण थांबायचं, त्याचं बोलणं संपेपर्यंत पदर डोक्यावर धरून उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी निकितानं त्यांना स्कूटी शिकवली आणि हे सगळं एका उन्हाळ्यात संपलं. बचतगटाची मीटिंग, बहीण मालनबाईचं घर, आठवडी बाजार, सगळं आपल्या मर्जीनं. लोकांनी नावं ठेवली, मग कंटाळून ठेवायची सोडली. बन्सीधरराव मात्र दोन वर्षांत एकदाही स्कूटीवर बसले नव्हते. बायकोच्या मागं बसण्यापेक्षा ते चालत जात, आणि ती वाटेत भेटली तर शेताकडं बघत.

दिवाळीनंतर बोटं आखडली तेव्हा ब्रेक दाबला गेला नाही आणि स्कूटी सरळ कडब्याच्या गंजीत शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बन्सीधररावांनी चावी काढून घेतली आणि स्वतःच्या करदोड्याला बांधली. दुसरी चावी विहिरीत होती. त्या विहिरीनं या घरातल्या बऱ्याच वस्तू गिळल्या होत्या.

"बरी झालीस की दिऊ," ते म्हणाले.

"बरी झाले हे कोण ठरवणार?"

"घरात तीन-तीन जाणती माणसं हायत की."

तर ती तीन माणसं कमलबाईंनी एकेक करून वश केली. चैत्रानंतर मूठ मिटायला लागली होती. सकाळी थोडी आखडायची, ऊन वर आलं की मोकळी व्हायची. त्यांनी दिराला एकट्याला गाठून सांगितलं, "भावजी, तुमच्या काढ्यानंच फरक पडला बगा. बाकीच्यास्नी बोलू नका, वाईट वाटंल." महारुद्रला सांगितलं, "तुझी बाटली लय लागू पडली, बाबा. काकाला सांगू नकोस." जावयांना फोनवर सांगितलं, "बापू, गोळ्या म्हंजी अमृतच." तिघंही खूश झाले, तिघांनीही गुप्तता पाळली. आता धोंड्याच्या जेवणाला तिघं एका पंगतीत बसतील, एका तोंडानं 'बऱ्या झाल्या' म्हणतील आणि चावी सुटेल. बेत चोख होता. त्यात एकच चूक होती. माणसं भरल्या पोटी बोलतात, हे त्या विसरल्या होत्या.

अधिकातलं जेवण म्हणजे जावई देवाच्या जागी. भुजंगरावांना पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी-उपरणं दिलं. मुलगी भक्ती आत निकितापाशी होती. पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून ताटात पडले आणि पहिले दोन घास शांततेत गेले.

मग लिंबाजींना राहवलं नाही. "भुजंगराव, वहिनीचा हात बगितला का? कणीक एकटीनं तिंबली आज. शेवटी गुळवेल ती गुळवेल."

"काका," महारुद्र म्हणाला, "गुळवेलीचं राहू द्या. सलाईननं झालं ते."

"तुला कुणी सांगितलं?"

"मायनं. सोता."

"मला बी तिनंच सांगितलं."

भुजंगरावांनी हातातला घास खाली ठेवला. "मामी मला फोनवर म्हणाल्या की गोळ्यांनी उतार पडला. अमृत म्हणाल्या."

तीन माना कमलबाईंकडं वळल्या. त्यांच्या हातात तुपाचं भांडं होतं.

"तूप वाढू का कुणाला?"

"वहिनी, तुपाचं नंतर. आधी खुलासा करा."

"सगळ्यांच्या मेहनतीनं झालं, भावजी."

हे उत्तर कुणालाच चाललं नाही. श्रेयाची वाटणी बांधासारखी असते. निम्मं मिळालं तर माणूस म्हणतो, माझं निम्मं गेलं.

भुजंगरावांनी उपरण्याला हात पुसला. "मामी, मूठ मिटून दाखवा बरं."

कमलबाईंनी मिटली. अंगठा वर आला, बोटांची टोकं आत गेली. निकिता दारातून बघत होती.

"हं," भुजंगराव म्हणाले. आजारी माणसाच्या पोटात गोळा आणणारा तो 'हं' होता. "दिसायला बरं दिसतंय. पण बाहेरचे उपचार फार झाले की लक्षणं दबतात. दबली म्हणजे गेली असं नाही. मुळातून अजून गेलेलं नाही."

बाहेरचे उपचार म्हणजे कोण, हे महारुद्रला लगेच कळलं. "माझं बी त्येच मत हाय, दाजी. वरवरची सूज उतरलीय. आतली कमजोरी हाय. अजून दोन बाटल्या लागतील."

लिंबाजी मागं कसे राहतील? "मी तर पैल्यापासून सांगायलोय, वात हाय त्यो. मिरगात पुन्हा उठतो. पावसाळा जाऊ द्या."

वडिलांच्या वाटणीपासून आजवर या घरातल्या पुरुषांचं कशावर एकमत झालं नव्हतं. ते आज झालं. बन्सीधररावांनी धोतराच्या वरून कमरेला हात लावून बघितला. "मंग चावीचं पावसाळा झाल्यावर बगू."

कमलबाई आत आल्या. निकिता हळूच म्हणाली, "आत्या, तिघांची तीन मतं होती तोवर तुम्ही बऱ्या होत्या. एकमत झालं अन् आजारी पडल्या."

कमलबाईंनी धोंड्यांची भरलेली परात उचलली, दोन्ही हातांनी, आणि पंगतीत गेल्या.

आमच्याकडं पंगतीत 'पुरे' हा शब्द माहिती म्हणून धरत नाहीत, रीत म्हणून धरतात. त्यात अधिकमास, त्यात जावई. कमलबाईंनी पहिला वाढला तो देवाच्या नावानं. दुसरा, एकटा वाढू नये म्हणून.

"मामी, बास."

"भक्तीच्या नावाचा एक."

"मामी, खरंच—"

"नातवाच्या नावाचा घ्यायचा न्हाई? अन् धोंडा कोरडा खाऊ नये, बापू. तूप घ्या."

त्यांच्या मनात काही होतं का? विचारलं असतं तर त्यांनी परातीवर हात ठेवून 'न्हाई' म्हटलं असतं. सासूनं जावयाला आग्रह करणं हा मराठवाड्यात गुन्हा नाही. आग्रह न करणं आहे. ज्या मुठीतून रोग गेला नव्हता, तीच मूठ एकामागून एक धोंडा ताटात ठेवत राहिली आणि भुजंगराव डॉक्टर असूनही जावई असल्यामुळे खात राहिले.

दुपारी आखाडा गपगार झाला. पुरणाची गुंगी आणि मे महिन्याचं ऊन, दोन्ही एकदम चढलं. कूलरसमोर महारुद्र आणि लिंबाजी पाठीला पाठ लावून झोपले. तोंडं जुळत नव्हती, पण घोरणं जुळत होतं. बन्सीधरराव ओसरीवर बाजेवर आडवे झाले. कमलबाई मागच्या पडवीत गरम पाण्याच्या भांड्यात बोटं हलवत बसल्या होत्या. दिवाळीपासून हे त्या रोज करत. औषधात धरण्यासारखं ते काही नव्हतं, म्हणून कुणी त्याला नाव ठेवलं नव्हतं की श्रेय दिलं नव्हतं.

"मामी."

भुजंगराव दाराला धरून उभे होते. चेहरा पिठासारखा, एक हात पोटावर.

"काय झालं, बापू?"

"कळ येतेय. जरा जास्तच."

"गोळ्या हायत ना संगं?"

"घेतल्या."

"मंग गुण येईल. धीर धरा."

भुजंगराव धीर धरायला गेले आणि तिथंच वाकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुई घ्यावी म्हणतो."

कमलबाईंनी बोटं पाण्यातून काढली आणि पदराला पुसली. हसल्या नाहीत. एवढी वर्षं संसार केला म्हणजे न हसणं जमतं. "महारुद्रला उठवते."

"नको." हे फार लवकर आलं. "त्यांना नको. संध्याकाळपर्यंत सेलूत कळेल."

"भावजी ओवा देतील—"

"मामी, कुणालाच नको. भक्तीलासुद्धा. मला गुपचूप दवाखान्यात पोचवा."

"तुमची गाडी हाय की दारात."

"सरळ बसता येईना. चालवू कसा?"

"तर मंग माझीच राहिली." कमलबाईंनी उसासा टाकला. "पण मी आजारी हाय, बापू. मुळातून गेलं न्हाई अजून. तुमीच म्हन्लाव."

भुजंगरावांनी डोळे मिटले. कळ आली होती की पश्चात्ताप, ते सांगणं अवघड. "मामी, असं काय करता. तुम्ही ठणठणीत आहात."

"ह्येच जेवताना म्हनायचं असतं," कमलबाई म्हणाल्या आणि ओसरीवर गेल्या.

बन्सीधरराव उताणे होते. बंडी वर सरकलेली, करदोड्याला चावी. गाठ बारीक, निरगाठीवर निरगाठ, आणि सात महिन्यांच्या घामानं खडीसारखी झालेली. कमलबाई बाजेशी बसल्या. सलाईन टांगायचे तेव्हा त्यांना पोलक्याची हुकं लावता येत नव्हती, निकिता लावायची. आता नखाचं टोक गाठीत घातलं. निसटलं. पुन्हा घातलं. डाव्या हाताच्या तर्जनीत जुनी कळ उमटली, त्यांनी ओठ दाबले आणि तसंच धरून ठेवलं. एक पीळ सुटला. बन्सीधररावांचं पोट मधे येत होतं, घोरण्याबरोबर वरखाली होत होतं.

दुसऱ्या गाठीशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घोरणं थांबलंय.

त्या थांबल्या. बन्सीधररावांचे डोळे मिटलेलेच होते. मग हळूहळू त्यांचं पोट आत गेलं, आणि गाठीपाशी दोन बोटांची जागा मोकळी झाली.

गाठ सुटली. चावी तळहातावर आली, गरम.

"आधी ब्रेक दाबून बग," मिटल्या डोळ्यांनीच बन्सीधरराव म्हणाले, आणि कुशीवर वळले.

रस्ता मातीचा, ऊन माथ्यावर. कमलबाईंनी पदर खोचला, डोक्याला रुमाल बांधला. मागं सेलूचे डॉक्टर भुजंगराव, मानाचं उपरणं तोंडाला गुंडाळून. खड्डा आला की ते "मामी" म्हणत आणि कमलबाई "आलं, आलं" म्हणत. गावाच्या तोंडाशी बचतगटाची सरजाबाई भेटली. तिला पाहून कमलबाईंनी सवयीनं गाडी थांबवली.

"झाला का हात बरा? अन् मागं कोन हाय?"

"हाय एकजण. सवड नव्हती दुसऱ्या कुणाला," कमलबाई म्हणाल्या आणि पापडाच्या ऑर्डरीचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या. मागचा माणूस उपरणं धरून बसून राहिला. मागं बसणाऱ्यानं असंच करायचं असतं.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भुजंगरावांना झोपवलं, पोट दाबून बघितलं, काय खाल्लं ते विचारलं. उत्तर ऐकून पुन्हा एकदा विचारलं.

"काळजीचं काही नाही. अपचन आहे. ही गोळी घ्या, थोडा वेळ इथंच पडा."

"मॅडम, सुई दिली असती तर..."

"गरज नाही हो. आपोआप बरं वाटेल. आणि तुम्ही करता काय?"

भुजंगराव भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडं बघत राहिले. "शेती."

कमलबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"आणि मावशी, तुमचा हात?" डॉक्टरीणबाईंनी स्वतःच त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट वाकवून बघितलं. "सकाळी आखडतो?"

"थोडा."

"तेवढं अजून काही दिवस राहील. आखडलेला असेल तेव्हा गाडी काढू नका. कुणी काय काय दिलं मधे?"

"लय जणांनी लय काय दिलं."

"आणि कशानं बरं झालं म्हणता?"

कमलबाईंनी विचार केला. सात महिन्यांत हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. "झालं," त्या म्हणाल्या.

"होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी चहाला सगळे ओसरीवर जमले. भुजंगरावांना उतार पडला होता, तरी ते कोराच चहा घेत होते. महारुद्र अंगणात गेला आणि तसाच परत आला.

"माय, स्कूटी निंबाखाली होती. उन्हात कशी आली?"

लिंबाजींनी बशी खाली ठेवली. बन्सीधरराव बशीतल्या चहाकडं बघत होते.

"मामींनी नेली होती," भुजंगराव म्हणाले. "मीच सांगितलं. मी जातीनं तपासलंय. मामी बऱ्या झाल्यात."

"जेवताना तर म्हन्लाव, मुळातून गेलं न्हाई," महारुद्र म्हणाला.

"दुपारी गेलं."

लिंबाजी पुढं सरकले. "हां. अन् कुणाच्या औषधानं?"

भुजंगरावांनी तोंड उघडलं. तीन बाटल्यांचं श्रेय ओठांवर आलेलं होतं.

"बापू," कमलबाई मधेच म्हणाल्या, "यंदा शेतीत काय पेरायलाव?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. भुजंगरावांच्या सात पिढ्यांत कुणी तिफणीला हात लावला नव्हता. भक्ती म्हणाली, "आई, उन्हानं काही झालंय का तुला?"

भुजंगरावांनी एक मोठा घोट घेतला. "काकांचा काढा चांगलाच आहे," ते म्हणाले. "महारुद्ररावांच्या सलाईनचाही उपयोग झाला असेल."

"अन् तुमच्या गोळ्या, दाजी?"

"गोड आहेत."

भांडण मांडावं तर समोरचा भांडत नव्हता. लिंबाजी अस्वस्थ झाले. फुकट मिळालेल्या श्रेयात काहीतरी खोट असणार, असं त्यांना वाटायला लागलं. महारुद्र म्हणाला, सलाईनचा थोडाच. लिंबाजी म्हणाले, तसं नव्हं, तुझा बी असंल. दोघं एकमेकांना श्रेय देत बसले आणि कोण जास्त दिलदार यावरून आवाज चढायला लागले.

त्या गडबडीत बन्सीधरराव उठले. टोपी घातली, वहाणा शोधल्या आणि अंगणात स्कूटीच्या मागच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, उभे राहिले.

कमलबाई ओसरीच्या पायरीवर आल्या. "कुठं?"

"झरीला. दाढी करायची हाय." ते शेताकडं बघत म्हणाले. "कुणी जायलं असंल तर म्हन्लं..."

"मला सरजाबाईकडं थांबायचं हाय वाटंत."

"थांब की."

"लय बोलतीया ती."

"थांबतो मी."

कमलबाईंनी पदराची गाठ सोडून चावी काढली. मूठ एकदा उघडली, एकदा मिटली. बन्सीधरराव मागं बसले. आधी एका बाजूला पाय सोडून, मग इकडंतिकडं बघून, दोन्हीकडं टाकून.

कमलबाईंनी आधी ब्रेक दाबून बघितला.